शनिवारी आणायची पाळी

११ जून

टिटवी-ढब्बूच्या बाबास,

नमस्कार लिहायला हात धजत नाही आणि शिव्या लिहायच्या नाहीत असं समुपदेशक बाईंनी बजावलंय. तेव्हा सरळ मुद्द्यावर येते.

फोन बंद, जे काय ते कागदावर, हे त्यांचं म्हणणं मला पटलं. गेल्या बुधवारी बॉक्सिंगच्या हॉलसमोर तू माझ्या स्कूटरचा आरसा लाथेने उडवलास आणि मी तुझी कॉलर फाडली. पोरं फुटपाथवर उभी राहून बघत होती. तू तणतणत निघून गेलास, म्हणून पुढचं तुला माहीत नाही. ढब्बू खाली बसून काचा गोळा करत होता, कुणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून. एक त्याच्याच अंगठ्यात शिरली. घरी येऊन चिमट्याने काढली तेव्हा रक्ताची धार लागली, पण आठ वर्षांच्या पोराने हूं की चूं केलं नाही. आमच्या जनावरांच्या दवाखान्यात असं मुकाट जनावर आलं की मी आधी त्याचं तोंड बांधते. ओरडणाऱ्याचं काही वाटत नाही. गप्प राहणारं कधी चावेल सांगता येत नाही.

आता पाळ्या. कोर्टाने ठरवल्या त्याच पुन्हा लिहिते, कारण तुझ्या डोक्यात त्या राहत नाहीत. बुधवारी टिटवीचं बॉक्सिंग : सोडायला मी, आणायला तू. शनिवारी आधी ढब्बूचं व्हायोलिन, मग टिटवीचं बॉक्सिंग : दोघांना सोडायला तू, आणायला मी. तोवर ढब्बूने हॉलवर बाकड्यावर बसून राहायचं. रविवार अख्खा तुझा. लिफ्ट अडकली, माणसं आत कोंडली, मला जावं लागलं, हे कारण महिन्यातून एकदा खपेल. दर आठवड्याला माणसं लिफ्टमध्ये कोंडत असतील तर तू लिफ्ट दुरुस्त करतोस की बिघडवतोस?

मीही शनिवारी उशिरा येते, हे तू म्हणायच्या आत मीच म्हणते. शनिवारी आमच्याकडे ऑपरेशनं असतात. डॉक्टर टाके घालतात आणि कुत्रं मी धरते. मधेच सोडून येता येत नाही. हॉलवर सर असतात, बाकीचे पालक असतात, पोरं काही रस्त्यावर पडलेली नसतात.

टिटवीला बॉक्सिंगला घालायचा हट्ट तुझा. "पोरीला मारता आलं पाहिजे," म्हणालास. ज्याने माझं मनगट दारात चेमटून मोडलं त्याच्या तोंडून हे ऐकल्यावर मला हसू आलं होतं, आठवत असेल. पण पोरगी रमली. तेरा वर्षांची झाली, माझ्या खांद्याला लागली, आणि हॉलमधून येते तेव्हा पायऱ्या उड्या मारत चढते. चढायची. हल्ली कठडा धरून येते. सराव वाढलाय म्हणते. सरांना सांग जरा बेताने घ्या.

ढब्बूचं उलटं. व्हायोलिन घरी पेटीतून बाहेर काढत नाही. त्याचं वाजवणं म्हणजे मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं होतं हे मान्य, आणि मांजरांचं मला कळतं. पण वाजवायचा तरी. तुझ्याकडे रविवारी वाजवतो का, कळव.

आणि एक. न्यायाधीश काय म्हणाले ते लक्षात असू दे. तुझा हात पुन्हा कुणावरही उठला तर पोरं तुला कचेरीतल्या खोलीत, तिसऱ्या माणसासमोर, घड्याळ लावून भेटतील. हे मी नाही ठरवलं.

टिटवीची आई


२ जुलै

हे पत्र नाही, ताकीद आहे.

काल उकाड्याने टिटवी बैठकीत सतरंजीवर झोपली होती. पायजमा गुडघ्यावर गेलेला. मांडीच्या मागे वळ आहेत. ठोशाचे नाहीत, ठोसा तिथे पोचत नाही. जोडीजोडीने गेलेल्या लाल रेघा, मधे पांढरी पट्टी. काही ताज्या, काही पिवळ्या पडलेल्या. दोरीने किंवा पट्ट्याने मारलं की असंच उठतं. मागच्या वर्षी एक गोदामवाला आपलं कुत्रं घेऊन आला होता, "गेटवरून पडलं" म्हणत. त्याच्या पोटावरचे केस भादरले तेव्हा हेच होतं खाली.

तिला उठवलं. म्हटलं, "हे काय?"

"पडले."

"कशावर पडलीस? शिडीवर?"

"आई, झोपू दे ना."

"कुणी मारलं?"

तिने पांघरूण डोक्यावर घेतलं. मी ते ओढलं, तिने माझा हात असा झटकला की मनगटात बसवलेली लोखंडी पट्टी ठणकली. त्याच हाताने तिला एक ठेवून देणार होते. नाही दिली.

तुझ्यासोबत ती दर रविवारी सकाळपासून असते. मला आणखी काय समजावून सांगायला हवं? माझ्यावर हात टाकलास, मी मोठी होते, मी सोडून गेले. ती कुठे जाणार?

पट्टा होता का दोरी? कशासाठी? उलट बोलली म्हणून? ती माझी पोर आहे, उलट बोलणारच. तिचं नाव टिटवी उगाच नाही पडलं.

सोमवारी वकिलाकडे जाते आहे. उद्या शनिवारी आणि परवा रविवारी कुणीही तुझ्याकडे येणार नाही. सोडायला येऊ नकोस. आलास तर दार उघडणार नाही, आणि तोडलंस तर आमच्या दवाखान्यातली सांड आवरायची काठी घरी आणून ठेवली आहे. मी ती वापरू शकते, हे मी लिहून देते. वकिलाला दाखव हवं तर.


७ जुलै

टिटवीच्या बाबास,

तुझी चिठ्ठी दाराखालून आलेली मिळाली. "मी नाही. ढब्बूला विचार." एवढंच. तुझ्या जागी मी असते तर चार पानं शिव्या लिहिल्या असत्या.

ढब्बूला विचारलं. मोरीत त्याचे पाय धूत होते, तेव्हा. समोरासमोर विचारलं असतं तर बोलला नसता. माझं लक्ष पायाकडे, त्याचं पाण्याकडे.

"शनिवारी हॉलवर काय करतोस रे तू, आई येईपर्यंत?"

"व्हायोलिन वाजवतो."

"तिथे? कुणासाठी?"

"सर म्हणतात वाजव."

"काय वाजवायचं?"

"काहीपण. जोरात वाजवायचं. सर बाहेर येईपर्यंत थांबायचं नाही."

"सर कुठे जातात?"

"आतल्या खोलीत. जिथे मॅट ठेवतात तिथे. दार लावतात." मग अंगठा पाण्याच्या धारेत धरून, "ज्यांचं वजन जास्त भरतं त्यांना नेतात. ताईचं नेहमी जास्त भरतं."

मी त्याचा पाय धरून बसले. पाणी वाहत राहिलं.

"मी बेसूर वाजवलं तरी सर रागवत नाहीत," तो म्हणाला. त्याला वाटलं मला तीच काळजी आहे.

तू हे त्याच्याकडून कधी ऐकलंस? माझ्या ताकिदीच्या आधीच्या रविवारी? की ती मिळाल्यावर शाळेबाहेर गाठून? मला का नाही तेव्हाच... जाऊ दे. मीच दार बंद करून बसले होते.

त्या माणसाला मी दर शनिवारी "येते हं सर" म्हणून हात जोडून निघत होते. तो टिटवीला सगळ्यांदेखत म्हैस म्हणतो, ते मला ठाऊक होतं. वाटायचं, खेळातलं बोलणं असतं. बाकीचे पालक हसायचे. मीही एकदा हसले होते.

वळ तुझे नव्हते. हे लिहून देते. माफी मागत नाही, कारण मला शंका यावी असं तूच वागला होतास. पण वळ तुझे नव्हते.

टिटवीला सांगितलं की आम्हाला कळलंय, उद्या पोलिसांत जाऊ. तुला वाटेल ती रडली असेल, गळ्यात पडली असेल. तिने जेवणाचं ताट भिंतीवर मारलं. भिंतीला अजून डाग आहे. "तुम्ही दोघांनी माझं सगळं वाटून खाल्लंत! बुधवार तुझा, रविवार बाबांचा! ही एकच गोष्ट माझी आहे! ऑगस्टात निवड आहे, सर नसले तर मला कोण घेणार?"

"तो तुला मारतो, टिटवी."

"मग? बाबा तुला मारायचे तेव्हा तू किती वर्षं गप्प होतीस?"

आता सांग, काय उत्तर द्यायचं होतं मी? तुला सुचलं तर कळव.

पोलीस चौकीत एकटीच जाऊन आले. हवालदार बाई चांगली होती. म्हणाली, मुलीने स्वतः सांगितलं पाहिजे, नाहीतर तो म्हणेल घरी मार खाल्ला, आणि तुमच्या घरचा पूर्वीचा कागद आमच्याकडे आहेच. म्हणजे तुझा. म्हणजे त्या माणसाने तुझ्याकडे बोट दाखवलं की संपलं. मी नाही का तेच केलं?

म्हणून हात जोडून सांगते. तिथे जाऊ नकोस. तुला मी ओळखते. तुझ्या कानामागची शीर उडायला लागली असेल हे वाचताना. त्याला एक चापट जरी मारलीस तरी तो सुटेल, तू अडकशील, पोरं तुझ्यापासून तुटतील. गेलासच कधी तर हात खिशात घालून जा. टिटवीला बोलती करायला मला थोडे दिवस दे. तोवर शनिवार-बुधवार सगळं बंद, कुणी कुठे जाणार नाही.

टिटवीची आई


२० जुलै

बाबास,

डॉक्टर म्हणतात तुला अजून दोन-तीन दिवस बोलायला आणि वाचायला मनाई आहे. हे उशीखाली ठेवायला सांगते. ज्या दिवशी वाचशील त्या दिवशी वाच. तू पडल्यानंतर काय झालं ते तुला पोलिसांकडून किंवा पेपरातून कळू नये.

पण सुरुवातीपासून सांगते, कारण मी पोचायच्या आधीचं मला इतरांनी सांगितलंय आणि ते बरोबर आहे का तूच सांगू शकशील.

शनिवारी टिटवी घरातून निघून गेली. ढब्बू आंघोळीला, मी दवाखान्यात. शेजारणीला म्हणाली, मैत्रिणीकडे जाते. तिची बॅग जागेवर नाही हे ढब्बूने बाहेर आल्यावर पाहिलं आणि मला फोन केला. मी एका रेड्याचा पाय बांधत होते. तुला फोन लावला. इतक्या दिवसांनी तुझा आवाज ऐकला आणि मी पहिलं काय म्हटलं? "मारू नकोस." टिटवी तिकडे गेली हे नंतर सांगितलं. तू फक्त "हं" म्हणालास. तू हॉलच्या जवळच कुठल्या तरी इमारतीत कामावर होतास, म्हणून आधी पोचलास.

औषधांच्या दुकानवाल्या बाई, ज्यांची मुलगी राज्यात पहिली आली, त्या तिथेच होत्या. त्यांनी पोलिसांना सांगितलं ते असं : वजन झालं होतं. टिटवी आणि आणखी एक मुलगी आतल्या खोलीत गेल्या होत्या. सर त्यांच्यामागे आत जायला निघाले, तेवढ्यात तू आलास, सरळ त्या खोलीच्या दारात जाऊन दाराला पाठ लावून उभा राहिलास. दोन्ही हात पँटच्या खिशात.

सर म्हणाले, "बाजूला व्हा."

तू म्हणालास, "पोलिसांना बोलावलंय. येईपर्यंत इथेच आहे."

"सराव चालू आहे."

"चालू द्या. या दारातून तुम्ही जाणार नाही."

त्याने ढकललं. तू हलला नाहीस. त्याने कानफटात मारली. तू हात काढला नाहीस. मग त्याने मूठ वळली.

मी आले तेव्हा त्याचं हेच चाललं होतं. तुला मारताना तो पाय कसे टाकत होता ते मी पाहिलं. शिकवताना टाकतो तसेच, मापात, घाई नाही. डाव्याने मोजायचं, उजव्याने मारायचं. तुझं नाक फुटलं होतं, डोळा बंद झाला होता, ओठ लोंबत होता. आणि तुझे हात खिशात होते. दर ठोशाला तुझं डोकं दारावर आपटत होतं आणि आतून टिटवी दार बडवत होती, "बाबा! बाबा!" तू मुद्दाम दाराला टेकून होतास, ती बाहेर येऊ नये म्हणून.

पंधरावीस माणसं उभी होती. बाप होते, उंचेपुरे. एकाने मोबाईल वर धरला होता. औषधवाल्या बाई म्हणाल्या, हे मी माझ्या कानांनी ऐकलं, "अहो, जे काय करायचं ते बाहेर करा, मुलींचा सराव खोळंबलाय."

मग तुझे गुडघे वाकले. खाली येताना तुझं कपाळ कोपऱ्यातल्या लोखंडी खांबावर आदळलं. तो आवाज मी जनावरांच्या खुराचा ऐकलाय फरशीवर. तू पडलास आणि तरी त्याने एक लाथ घातली.

रिंगच्या कोपऱ्यात ते लोखंडी स्टूल असतं ना, मुली दोन फेऱ्यांच्या मधे बसतात ते. ते मी उचललं. पाठीमागून. त्याच्या खांद्यावर घातलं. तो कोलमडला, एका हातावर पडला, आणि त्या हाताचं कोपर उलट्या बाजूला गेलं.

पोलिसांना मी सांगितलंय की मी तुला वाचवायला एक फटका मारला. वकील म्हणतात ते तसंच राहू दे. पण तुला खरं सांगते. एक नाही. तो खाली पडल्यावर मी पुन्हा मारलं. त्याने तोंडावर हात धरला, मी हातावर मारलं. तो "बाई, बाई" म्हणत होता. मी त्या मोडक्या कोपरावरच मारलं, नेम धरून. मला कुठे दुखतं ते कळतं, आयुष्य त्यातच गेलंय, फक्त आजवर ते मी सोडवायला वापरत होते.

मला कुणी थांबवलं असेल? त्या उंच्यापुऱ्या बापांनी? तू दारातून सरकल्यावर टिटवी बाहेर आली. तिने मागून मला कवळ घातली. पोरीच्या हातात काय जोर आहे रे! माझे दोन्ही दंड अंगाला आवळून धरले आणि कानात म्हणाली, "आई, पुरे. आई, तो पडलाय. पुरे." कुत्र्याला धरताना मी बोलते ना, तसं, तोच सूर. दवाखान्यात येऊन बघायची लहानपणी, तिथे शिकली असेल.

तिने स्टूल माझ्या हातातून काढून घेतलं. मग तुझ्याजवळ बसली आणि तुझं डोकं मांडीवर घेतलं, एका कुशीवर, रक्त घशात जाऊ नये म्हणून. हवालदार बाई आली तेव्हा टिटवी तिथूनच म्हणाली, "मला सांगायचंय." सगळ्यांसमोर पँटचा पाय वर केला. "हे सरांनी केलंय. दोरीने. हिला पण दाखवायला सांगा." दुसरी मुलगी भिंतीला चिकटून उभी होती. तिने नाही म्हणून मान हलवली. मग स्वतःच्या आईकडे बघितलं. मग तिनेही पँटचा पाय वर केला. मग औषधवाल्या बाईंच्या मुलीने, राज्यात पहिली आलेल्या. तिच्या आईने तिचा हात धरला, "अगं काय करतेस," तर पोरीने आईला असं हिसडलं की बाई बाकड्यावर जाऊन पडल्या.

ढब्बू घरीच होता, देवाची कृपा.

डॉक्टरांनी तुझ्या डाव्या डोळ्याचं मला सांगितलंय. तुला तेच सांगतील. मी नाही लिहीत.

टिटवीची आई


१४ सप्टेंबर

बाबास,

तू विचारलंस म्हणून सविस्तर लिहिते. डॉक्टरांनी तुला अजून गर्दीत, धक्काबुक्कीत जायला बंदी केलीय, आणि टिटवी तुला फोनवर "जिंकले" एवढंच सांगून मोकळी होईल, हे मला ठाऊक होतंच.

आधी बाकीचं. तो आत आहे, जामीन दुसऱ्यांदा नाकारला. सात मुलींनी जबाब दिलेत. त्याचं कोपर आता सरळ होणार नाही म्हणतात. माझ्यावरचा खटला डिसेंबरात उभा राहील. ज्याने मोबाईल वर धरला होता त्याचं चित्रीकरण दोन्ही बाजूंना हवंय. त्यात तू खिशात हात घालून उभा आहेस, आणि त्यातच मी आहे. वकील म्हणाले, "बाई, पहिल्या फटक्याला कुणी काही म्हणणार नाही. पुढच्यांचं काय करायचं ते बघू." तुझ्या वकिलाने पोरांच्या ताब्याबद्दल काही विचारलं तर स्पष्ट सांग, मला राग येणार नाही. कचेरीतल्या खोलीत घड्याळ लावून भेटायची पाळी कदाचित माझ्यावर येईल. आपल्या घरातलं हे काम कुणीतरी एकाने करायचंच असं दिसतं.

ढब्बूने व्हायोलिन सोडलं. मी आग्रह केला नाही. परत द्यायला गेलो तेव्हा शिक्षिका रडल्या, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. तो सध्या काही करत नाही. शाळेतून येतो, गॅलरीत बसतो. त्याला काही लावायचं असेल तर आपण दोघांनी मिळून विचारू, एकेकट्याने नाही.

टिटवीने आठ दिवस सगळ्यांशी बोलणं टाकलं आणि नवव्या दिवशी म्हणाली, मला खेळायचंय. मी म्हटलं, पोहायला जा, धावायला जा, काहीही कर. म्हणाली, "त्याच्यासाठी मी का सोडू?" दुसऱ्या दिवशी मी जागा शोधायला निघाले. नवीन बाई आहेत, कापडाच्या गोदामाच्या माळ्यावर शिकवतात. स्वतः रेल्वेत तिकीट तपासनीस. वजनकाटा ठेवलाय, पण ज्या मुलीला उभं राहायचं ती राहते. दार नाहीच माळ्याला. सोडायला मी, आणायला मी, आणि मधला वेळ मी तिथेच बसते. दवाखान्यात शनिवारी दुसरी मुलगी कुत्री धरते. तिला दोनदा चावलं. शिकेल.

ऑगस्टातली निवड हुकली होती, पण या रविवारी शहराची स्पर्धा होती. नाव दिलं. मी आणि ढब्बू गेलो.

मी तिचा सामना कधीच पाहिला नव्हता, तुला माहीत आहे. मला वाटलं होतं डोळे मिटून बसेन. तिच्यासमोर लाल हातमोज्यांची एक बारीक पोर होती, चपळ. पहिल्या फेरीत तिने टिटवीला चांगलंच बदडलं. टिटवीचा ओठ फुटला. माझे दात मी इतके आवळले की दाढ दुखायला लागली. ढब्बू माझ्या कुशीत तोंड घालून विचारत होता, "ताई उभी आहे का?" मी म्हणत होते, "आहे, उभी आहे."

दुसऱ्या फेरीत टिटवी आत शिरली. पोटात एक, मग नाकावर. त्या पोरीचं नाक फुटलं, बनियनवर रक्त सांडलं, ती दोरांवर गेली आणि तिचे हात खाली आले. नुसते खाली. डोळे मोठे झाले. पंच मधे यायला जरा वेळ लागला. एक श्वासभर.

त्या श्वासभरात टिटवी थांबली की पुढे गेली, हे लोक मला विचारतात. मी पाहिलं नाही. तिच्या बाई म्हणतात, थांबली होती, हात वर धरून उभी होती. मी पाहिलं नाही कारण मी खुर्चीवर उभी होते आणि ओरडत होते, "मार! मार तिला! सोडू नकोस, मार!" घसा फाटेपर्यंत. कुणाच्या तरी पोरीला. चौदा वर्षांच्या, हात खाली टाकलेल्या.

आणि सांगू? मला बरं वाटत होतं. हॉलमध्ये स्टूल उचललं तेव्हा वाटलं होतं तसंच. छातीत इतकी जागा झाली, जणू कधीपासून कुणीतरी तिथे बसलं होतं ते उठून गेलं.

ढब्बूने माझी बाही ओढली. मी खाली बघितलं तर तो माझ्याकडे बघत नव्हता, पलीकडे बघत होता. दोन खुर्च्या सोडून त्या पोरीची आई बसली होती. हातात पाण्याची बाटली आणि टॉवेल. ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती मला नवीन नव्हती. फक्त आजवर मी त्या नजरेच्या आतल्या बाजूला होते.

मी खाली उतरले. टिटवीचा हात पंचाने वर केला, टाळ्या झाल्या, मी वाजवल्या नाहीत. खाली आल्यावर टिटवीने विचारलं, "आई, बघितलंस?" म्हटलं, "बघितलं." तिने माझ्या चेहऱ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि मग त्या दुसऱ्या पोरीच्या कोपऱ्यात गेली, तिच्या नाकाला बर्फ धरायला.

हे मी समुपदेशक बाईंना सांगणार नाही. वकिलांना तर नाहीच. माझ्या बहिणीला सांगितलं तर म्हणेल, आईचं काळीज, होतं असं. होतं असं म्हणणाऱ्यांचा मला आता कंटाळा आलाय. तुझ्या आईनेही मला तेच सांगितलं होतं, माझं मनगट प्लास्टरमध्ये असताना.

तुला सांगते, कारण या जगात याबद्दल मी फक्त तुलाच विचारू शकते, आणि हा टोमणा नाही. माझ्यावर हात उठायचा तेव्हा तुला आतून असंच व्हायचं का? असं मोकळं? तू केलेलं मी माफ करत नाहीये. ते वेगळं ठेव. पण त्या शनिवारी तो तुझा डोळा फोडत होता, तुझी पोर दारामागे किंचाळत होती, मूठ वळायला तुझ्याइतकं कारण कुणालाच नव्हतं. तरी तुझे हात वर आले नाहीत.

कसे ठेवलेस ते खिशात? आत काय धरून ठेवलं होतंस? मला नीट सांग. डिसेंबरच्या आधी सांग. पुढच्या शनिवारी तिचा पुढचा सामना आहे आणि तिथे बसायची पाळी माझी आहे.

टिटवीची आई